वंशावळीसाठी जुने नकाशे: सोलापूर जिल्ह्यात कोणती नक्कल मागावी, कोणती सोडावी

वंशावळ शोधायला निघालेला माणूस आधी तहसीलच्या अभिलेख कक्षात जातो, नावे चाळतो आणि पणजोबांपाशी अडकतो. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेल्यापासून कुणबी नोंदींच्या निमित्ताने गाव नमुना १४ आणि कोतवाल बुके (दोन्ही जन्म-मृत्यूच्या नोंदी), शाळांचे प्रवेश-निर्गम उतारे बरेच उलटून झाले. तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातल्या नकाशांना मात्र या कामासाठी कुणी फारसा हात लावत नाही. तिकडे जातो तो बांधाचे भांडण घेऊन. घराणे कुठल्या पिढीत फुटले आणि किती भावांत फुटले, हे त्या नकाशांतून जितके स्वच्छ दिसते तितके नावांच्या वहीतून दिसत नाही.

म्हणून हे परीक्षण त्या कार्यालयातून जुन्या कागदांच्या प्रती देणाऱ्या नक्कल सेवेचे, आणि सोबत मोबाईलवर मिळणाऱ्या सरकारी नकाशांचे. मत आधीच सांगून टाकतो: नक्कल सेवा पैशाचे मोल देणारी आहे, पण मागणाऱ्याला कागदाचे नाव ठाऊक असेल तरच. 'शेताचा जुना नकाशा मिळावा' असा अर्ज टाकला की बहुधा गट नकाशा हाती पडतो, आणि वंशावळीसाठी सगळ्यांत निकामी कागद तोच.

कारण सरळ आहे. तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा कायदा १९४७ चा. पुढच्या काही दशकांत योजना गावोगाव राबवली गेली, विखुरलेले तुकडे एकत्र केले, लोकांनी जमिनींची अदलाबदल केली आणि सर्व्हे नंबर जाऊन गट नंबर आले. त्यामुळे आज ज्या गटावर घरातले नाव आहे ती जमीन पणजोबांचीच असेल याची खात्री नाही. ओढ्याकाठचे हिस्से देऊन माळावरची सलग जमीन घेतलेली अनेक कुटुंबे आहेत. तेव्हा पहिला अर्ज एकत्रीकरणाच्या योजना पत्रकाचा आणि जबाबाचा करा. आजच्या सातबाऱ्यावरचा गट नंबर घाला; कोणकोणते जुने सर्व्हे नंबर आणि हिस्से मिळून तो गट झाला ते पत्रकात दिसते. जबाबात खातेदाराने कोणती जमीन दिली नि कोणती घेतली ते असते. 'दिली' त्या रकान्यातला नंबर धरून मागे जायचे. 'घेतली' धरून गेलात तर दुसऱ्याच्या घराण्याची वंशावळ तयार होईल. अशा वंशावळी छापून भिंतीला लावलेल्याही असतात!

योजना न झालेल्या गावात ही पायरी लागत नाही, सर्व्हे नंबर आणि पोटहिस्सा सातबाऱ्यावर आजही दिसतो.

दुसरा प्रश्न गाव तेव्हा कुणाच्या हद्दीत होते हा. सोलापूर जिल्हा एकसंध कधीच नव्हता. १८३८ मध्ये तो अहमदनगरचा उपजिल्हा झाला, १८६४ मध्ये मोडला, १८७१ मध्ये सोलापूर, बार्शी, मोहोळ, माढा, करमाळा आणि साताऱ्याकडचे पंढरपूर, सांगोला जोडून पुन्हा उभा राहिला. माळशिरस १८७५ मध्ये आला. अक्कलकोट हे वेगळे संस्थान, आणि मंगळवेढा सांगली संस्थानात. दोन्ही १९४८ मध्ये विलीन झाली. इंग्रजी मोजणीची पद्धत १८३५-३६ मध्ये शेजारच्या इंदापुरात बसली आणि तिथून या बाजूला पसरली. पंढरपूर, सांगोला, माळशिरस १८४८-४९ पर्यंत सातारच्या राज्यात असल्याने तिथली मोजणी त्यानंतरची. अक्कलकोट आणि मंगळवेढ्याकडच्यांनी १९४८ च्या आधीचा कागद करमाळ्यासारखाच असेल असे धरून चालू नये. तिथे संस्थानी दप्तर वेगळे शोधावे लागते, आणि सातारा राज्यातल्या गावांचे तर पुण्याच्या पुरालेखागारातही बघावे लागते.

आता नक्कल. कागद चार: गाव नकाशा, टिपण, फाळणी आणि गुणाकार बुक. सोबत शेतवार पत्रक, म्हणजे नंबरवार खातेदारांची यादी.

गाव नकाशा दिसायला देखणा आणि मागायला सोपा. जुन्या गाव नकाशाचे माप आठ इंचाला एक मैल, म्हणजे एका इंचात ६६० फूट. सर्व्हे नंबरांच्या हद्दी, गावठाण, ओढे, गाडीवाटा, विहिरी, देवळे, शिवेवरचे दगड त्यात येतात. नाव एकही नसते. तरीही तो घ्यावा, कारण तो शेजार दाखवतो. आपला जुना नंबर सापडला की त्याला भिडणारे सगळे नंबर लिहून काढा आणि त्यांचे खातेदार शेतवार पत्रकात बघा. सलग चार-पाच नंबरांवर एकाच बापाच्या नावाचे किंवा एकाच आडनावाचे खातेदार निघाले तर ती भावकीची पट्टी, आणि मूळ पुरुष या पाचांच्या वर कुठेतरी बसलेला आहे. जुन्या खरेदीखतातली चतुःसीमा हाताशी असेल तर काम निम्म्यावर येते, कारण पूर्वेस अमका, दक्षिणेस ओढा, असे शेजार त्यात नावानिशी दिलेले असतात आणि नकाशावर बोट ठेवून पडताळता येतात.

गाव नकाशाची नक्कल घेताना एक काळजी. मूळ कागद कापड लावलेला आणि घड्या पडलेला असतो. घडीवरचे आकडे पुसलेले असतात. झेरॉक्सवाल्याने 'पानावर बसवून' काढला की माप गेले. पूर्ण आकाराची नक्कल मागा किंवा किमान स्केलची पट्टी नकलेत आली आहे का ते तिथेच बघा. ती नसेल तर त्या नकाशावर अंतर मोजण्यात अर्थ नाही.

टिपण हे मोजणीदाराने शेतात काढलेले कच्चे रेखाटन. मोजणी ३३ फुटी साखळीची, साखळीचे १६ आणे. मधली रेघ धरून दोन्ही बाजूंना लंब घेतलेले असतात आणि आकडे साखळी-आण्यांत. ३३ बाय ३३ फूट म्हणजे एक गुंठा, १,०८९ चौरस फूट, ४० गुंठ्यांचा एकर. टिपण मापात काढलेले नसते, आकड्यांवरून ते नव्याने मांडावे लागते. पडकी समाधी, जुनी विहीर, मूळ घराची जागा प्रत्यक्ष जमिनीवर शोधायची असेल तर टिपण लागते. नुसत्या वंशावळीसाठी लागत नाही. हा खर्च वाचवा.

वाचलेला पैसा फाळणीवर घाला. फाळणी नकाशा म्हणजे सर्व्हे नंबरचे हिस्से कसे पडले त्याचे चित्र, आणि गुणाकार बुकात त्या हिस्स्यांचे क्षेत्र. हिस्सा फॉर्म नंबर चार मिळाला तर हिस्सेदारांची नावेही येतात. हे कागद एकत्र ठेवले की वाटणी आकड्यांतून बोलायला लागते.

समजा मूळ नंबर २४ एकर १२ गुंठ्यांचा, आकार (जमिनीचा सरकारी सारा) १८ रुपये १२ आणे. फाळणीत त्याचे तीन हिस्से दिसतात, प्रत्येकी ८ एकर ४ गुंठे, आकार ६ रुपये ४ आणे. तिसऱ्या हिस्स्याचे पुढे दोन भाग: ४ एकर २ गुंठे आणि ३ रुपये २ आणे. क्षेत्र आणि आकार दोन्ही एकाच प्रमाणात तुटले आहेत, म्हणून ही घरातली वाटणी: तीन भाऊ, आणि तिसऱ्याच्या पोटी दोन वारस. पहिल्या दोन भावांचे हिस्से न फुटता तसेच राहिले असतील तर प्रत्येकाला एकच वारस, नाहीतर त्यांची पुढची पिढी एकत्र राहिली. कुठले ते फेरफारावरून, म्हणजे हक्क बदलल्याच्या नोंदीवरून, ठरते. नावांच्या यादीत भाऊ आणि चुलतभाऊ सारखेच दिसतात. एक-तृतीयांश आणि एक-षष्ठांश मात्र कधी सारखे दिसत नाहीत.

विकलेला तुकडा याहून वेगळा ओळखू येतो. विक्री साधारण गोल आकड्यात होते, दोन एकर, पाच एकर, वीस गुंठे. वाटणी अपूर्णांकात पडते. २४ एकर १२ गुंठ्यांतून नेमके ३ एकर सुटले असतील तर तिथे भाऊ शोधण्यापेक्षा खरेदीखत शोधा. क्षेत्र समान पण आकार असमान असेल तर एका हिश्शात विहीर-बागाईत आणि दुसऱ्यात जिराईत, किंवा पोटखराबा (लागवडीला न येणारी जमीन) एकाच बाजूला गेलेला. अशा ठिकाणी आकारावर विश्वास ठेवावा. वाटणी करणारे जाणते लोक एकरापेक्षा आकाराकडे बघत.

दशमान पद्धत आल्यावर हेच आकडे ओळखू येत नाहीत, आणि इथे पुष्कळांचा धागा तुटतो. ४ एकर २ गुंठे म्हणजे १६२ गुंठे, ते झाले १ हेक्टर ६४ आर. ३ रुपये २ आणे झाले ३.१२ रुपये. सातबाऱ्यावरचे हेक्टर-आर आधी गुंठ्यांत उलटवून घ्या (एक गुंठा साधारण १.०१ आर), मगच मूळ नंबराशी भागून बघा. कमी-जास्त पत्रक (क्षेत्रातल्या दुरुस्तीचा कागद) झालेले असेल तर दोन-चार गुंठ्यांचा फरक तिथला, त्यावरून वेगळा वारस काढू नये.

नावांकडे येताना दोन गोष्टी. पहिल्या मोजणीच्या वेळी नोंद बहुधा एकाच्या, म्हणजे थोरल्याच्या नावाची. बाकीचे भाऊ कागदावर नसतात, जमिनीवर असतात. ते दिसायला लागतात १९०३ च्या हक्कनोंदीच्या कायद्यानंतर, फेरफारांतून. 'एकुमॅ' असा शेरा दिसला तर तो माणूस एकत्र कुटुंबाचा कारभारी, एकटा मालक नव्हे. 'अपाक' (अज्ञान पालक कर्ता) असेल तर वारस अज्ञान, म्हणजे वयाने लहान होता; म्हणजे बाप अकाली गेलेला. मुलींची नावे सातबाऱ्याच्या 'इतर हक्क' रकान्यात सापडतात, तिथे हमखास बघावे, लग्नानंतरचे गाव आणि सासरचे घराणे त्यातूनच लागते. दुसरी गोष्ट आडनावाची: जुन्या पत्रकात 'येसाजी वलद बाबाजी' (बाबाजीचा मुलगा येसाजी) एवढेच असते, बाईचे नाव 'कोम' लावून नवऱ्याच्या नावासह. आडनाव शोधत बसलात तर कागद समोर असून दिसणार नाही.

इनामाची नोंद दिसली तर थांबून वाचा. देवस्थान इनाम वर्ग ३, रयतोपयोगी वतन ६ अ, सरकारोपयोगी ६ ब. वतन म्हटले की वारसा पुराव्यानिशी सिद्ध करावा लागे, त्यामुळे वतनदार घराण्याचे कागद खातेदार घराण्याहून दोन-तीन पिढ्या जास्त मागे जातात. १८५२ च्या कायद्याने नेमलेल्या इनाम कमिशनचे दप्तर पुण्यात आहे. आणि १९५८ च्या कायद्याने कनिष्ठ गावकामगार वतने खालसा झाली तेव्हाचे फेरफार वारसांच्या नावांनी भरलेले असतात. रामोशी, महार वतनदारांच्या वंशजांनी हे फेरफार सोडू नयेत. बाकीच्या नोंदीत त्यांचे पूर्वज फारच थोड्या ठिकाणी भेटतात.

पडताळणीला लिंगायत आणि मराठा घरांत हेळव्याची, म्हणजे घराण्यांच्या वंशावळी सांगणाऱ्याची, वही असते, पंढरपूर-त्र्यंबकच्या उपाध्यांच्या वह्या असतात. त्या नावांची साखळी देतात, पण एखादी पिढी गाळली गेली असेल तर सांगत नाहीत. फाळणीतल्या अपूर्णांकाशी ती साखळी जुळवली की गळलेली पिढी सापडते.

घरबसल्या मिळणाऱ्या सेवांत 'आपले अभिलेख' हे संकेतस्थळ कामाचे. नोंदणी करा, जिल्हा, तालुका, गाव, कागदाचा प्रकार आणि नंबर घाला. स्कॅन केलेली पाने उघडतात. शोधण्याआधी आपल्या गावाचा तो कागद चढवला आहे का तेवढे यादीत बघा. कधी गावाचे नाव जुन्या लेखनाने असते, कधी वाडी मूळ गावाखाली दडलेली असते. सापडले नाही तर शेजारचे मूळ गाव निवडून बघा. फेरफार वाचायला हे उत्तम, नकाशासाठी नव्हे. 'महाभूनकाशा' दिसायला चांगला, पण तो आजचे गट दाखवतो. वंशावळीसाठी त्याचा एकच उपयोग, जुन्या नकाशाखाली अंथरायला.

ते अंथरणे क्यूजीआयएस या नकाशांच्या मोफत सॉफ्टवेअरमध्ये जमते. गाव नकाशा ३०० डीपीआयने स्कॅन करा. ६६० फुटांचा इंच असल्याने एक ठिपका सव्वादोन फुटांच्या आत येतो, त्याहून बारीक स्कॅनने काही मिळत नाही. मग दोन्ही नकाशांवर दिसणाऱ्या आठ-दहा खुणा जुळवा. तीन गावांच्या शिवा मिळतात ती त्रिशीव सगळ्यांत खात्रीची, मग देऊळ, मग ओढा आणि शीव यांचा छेद. रस्त्याची वळणे घेऊ नका, रस्ते सरळ झालेत. भीमा-सीनेचे काठ तर मुळीच नकोत. आधी साधे पहिल्या घाताचे रूपांतर लावा. एखाद्या खुणेची चूक तीस मीटरच्या वर निघाली तर ती खूणच चुकली असे समजून काढा. सगळ्या खुणा थोड्या-थोड्या चुकत असतील तर कागद आकसलेला आहे, तिथे 'थिन प्लेट स्प्लाइन' हा रूपांतराचा प्रकार वापरा.

नकाशावर साल नसेल तर जिल्ह्यातल्या बांधकामांवरून लावता येते. सोलापूरला रेल्वे १८६० मध्ये आली. हिप्परग्याचा एकरूख तलाव १८७१ चा. बार्शी लाइट रेल्वेची अरुंद लाइन कुर्डुवाडीहून बार्शीला १८९७ मध्ये गेली, पंढरपूरला १९०६ मध्ये, तिथून मिरजेला १९२७ मध्ये. तलाव आहे आणि बार्शीची लाइन नाही, तर नकाशा या दोन सालांच्या मधला.

सर्व्हे ऑफ इंडियाच्या शीटांचे क्रमांक पाठ ठेवावेत: सोलापूर शहर ४७ ओ/१४, पंढरपूर ४७ ओ/६, अक्कलकोट ५६ सी/२. जुन्या एक इंच-एक मैल शीट घराणे शोधायला अपुऱ्या, एका गोष्टीचा अपवाद सोडून: उजनी. धरण १९८० मध्ये पूर्ण झाले आणि करमाळा तालुक्यातल्या कुगाव, केत्तूरसारख्या गावांची जुनी गावठाणे पाण्यात गेली. या गावांच्या लोकांनी आजच्या वसाहतीचा नकाशा काढून उपयोग नाही. पुनर्वसनात मिळालेली जमीन वंशावळीबद्दल काही सांगत नाही. त्यांनी धरणापूर्वीचा गाव नकाशा आणि भूसंपादनाचा निवाडा मागावा. निवाड्यात संपादित झालेला प्रत्येक हिस्सा आणि हिस्सेदार येतो, म्हणजे एका दिवशीची अख्ख्या गावाची भावकी एका कागदावर. अमेरिकी लष्कराची यू५०२ मालिका इंटरनेटवर फुकट आहे, सोलापूरची शीट एनई ४३-११, पण अडीच लाखाच्या मापात गाव म्हणजे ठिपका. भिंतीवर लावायला ठीक.

शहरातला मामला निराळा. कसबा, बाळीवेस, शुक्रवार पेठ इथल्या जुन्या घरांना मिळकत पत्रिका (प्रॉपर्टी कार्ड) आणि सिटी सर्व्हेची चौकशी नोंदवही. नोंदवहीत त्या वेळचा धारक आणि हक्क कसा आला ते येते, पत्रिकेपेक्षा ती मोलाची. टाऊन प्लॅनिंग योजनेतल्या भागात आजचा अंतिम भूखंड क्रमांक घेऊन आधी मूळ सर्व्हे नंबर काढावा लागतो. १८७७ च्या 'जुनी मिल' या कापड गिरणीनंतर आलेली गिरणी कामगारांची आणि पद्मशाली विणकरांची घरे साखर पेठ, दाजी पेठ, भवानी पेठ परिसरात भाड्याने राहिली, जमीन नव्हती. त्यांना भूमी अभिलेखात पूर्वज भेटणार नाहीत. त्यांनी महापालिकेचे घरपट्टीचे जुने आकारणी रजिस्टर बघावे, तिथे भोगवटादाराचाही रकाना असतो, आणि मूळ गाव तेलंगणात असल्याने तिथले निजामकालीन दप्तर शोधावे. सोलापूरचा एकही नकाशा त्यांना त्या गावापर्यंत नेत नाही.

अर्ज कसा लिहावा: गाव, तालुका, जुना सर्व्हे नंबर, आणि कागदाचे नाव एकेक करून. एका अर्जात चार नंबर आणि सहा कागद कोंबले की एक सापडला नाही म्हणून सगळे अडकते. 'अभिलेख उपलब्ध नाही' असे उत्तर आले तर ते लेखी घ्या. नंबर चुकला असेल तर तो लेखी उत्तरातच कळतो. माहिती अधिकाराचा अर्ज शेवटचा उपाय, दहा रुपयांत होतो, पण राज्याच्या नियमाप्रमाणे १५० शब्दांत आणि एकाच विषयाचा हवा.

मोडी लिपीतला कागद वाचून घ्यायला दिलात तर वाचकाला एक ओळ न देता अख्खे पान द्या, एकाच हाताची वळणे त्याला पानभर बघून उमगतात. लिप्यंतर ओळीला ओळ मागा, न लागलेला शब्द कोरा ठेवायला सांगा. अंदाजाने भरलेले नाव पुढे खरे होऊन बसते. सालही त्याच्याकडून बदलून घेऊ नका, जसे आहे तसे लिहून घ्या आणि स्वतः काढा: शक असेल तर ७८ मिळवा, फसली असेल तर ५९०, सुहूर असेल तर ५९९.